भारत-चीन घरगुती खर्चाची तुलना: जागतिक बँकेची डेटाबँक कितपत कामाची?

दोन देशांतली कुटुंबं वर्षाला किती खर्च करतात आणि तो खर्च दशकांगणिक कसा बदलत गेला, हे पाहायचं असलं की पहिली धाव जागतिक बँकेच्या डेटाबँकेकडे जाते. मग तो कालिन्यातला एमएचा विद्यार्थी असो, बीकेसीतला अॅनालिस्ट असो, की अर्थपानाची जबाबदारी अंगावर पडलेला उपसंपादक असो. धाव योग्यच आहे. आकडे पाहायला आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, नोंदणी लागत नाही, मालिका 1960 पासून सुरू होतात आणि स्रोताचं नाव दिलं की छापायलाही मोकळीक आहे. तक्रार वेगळी आहे. एकाच प्रश्नाला ही सेवा अर्धा डझन उत्तरं देते, सगळी सारख्याच ठामपणे, आणि चुकीचं उत्तर उचलणाऱ्याला कुठेही अडवत नाही.

इथे भारत आणि चीन ही जोडी घेऊन सेवा तपासली आहे. या जोडीत जवळपास सगळे खाचखळगे एकत्र येतात: वेगळं आर्थिक वर्ष, वेगळी विनिमय दराची व्यवस्था, घरभाडं मोजायची वेगळी रीत आणि सरकारनं उचललेल्या खर्चाचा वेगळा वाटा.

शोधायची मालिका म्हणजे कुटुंबं आणि ना-नफा संस्था यांचा अंतिम उपभोग खर्च. हाउसहोल्ड्स अँड एनपीआयएसएच फायनल कन्झम्प्शन एक्स्पेंडिचर या लांबलचक नावाखाली ती सापडते. आपल्याकडे सांख्यिकी मंत्रालय याच गोष्टीला खासगी अंतिम उपभोग खर्च, म्हणजे पीएफसीई म्हणतं. शोधचौकटीत नुसतं कन्झम्प्शन टाकलं तर विजेच्या वापरापासून सगळं समोर येतं, म्हणून पूर्ण नाव टाकावं. नुसत्या 'फायनल कन्झम्प्शन एक्स्पेंडिचर' नावाचीही एक मालिका आहे. तिच्यात सरकारी उपभोगही मिसळलेला असतो, आणि घाईत नेमकी तीच निवडली जाते.

मालिका सापडली की तिच्या सांकेतिक नावाचं शेपूट वाचायला शिकावं, निम्मं काम तिथे होतं. शेवटी सीडी असेल तर चालू किमतीतले अमेरिकी डॉलर. केडी म्हणजे 2015 च्या स्थिर किमतीतले, म्हणजे भाववाढ बाजूला काढलेले डॉलर. सीएन म्हणजे त्या देशाचं चलन, चालू किमतीत. केएन म्हणजे तेच चलन, स्थिर किमतीत. झेडएस म्हणजे जीडीपीतला टक्का. मध्ये पीपी आलं तर क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे तेवढाच माल घ्यायला त्या देशात किती चलन लागतं या हिशोबानं काढलेले आंतरराष्ट्रीय डॉलर, आणि पीसी आलं तर दरडोई. केडीनंतर झेडजी असेल तर वार्षिक वाढीचा दर.

आता यातलं काय कशाला वापरायचं?

चालू डॉलरची मालिका सर्वांत आधी डोळ्यांसमोर येते आणि काळाच्या तुलनेसाठी तीच सर्वांत निकामी आहे. तिच्यात तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: लोकांनी प्रत्यक्षात किती माल आणि सेवा घेतल्या, त्यांच्या किमती किती चढल्या, आणि रुपया किंवा युआन डॉलरपुढे कुठे उभा होता. जुलै 1991 मध्ये रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, तेव्हा या आलेखात भारतीयांचा खर्च खाली गेलेला दिसतो. माणसं काही एकदम कमी जेवायला लागली नव्हती. चीनचंही तेच: 1994 च्या सुरुवातीला अधिकृत दर एका फटक्यात डॉलरला सुमारे 5.8 युआनवरून 8.7 वर नेला गेला, पुढे जुलै 2005 पर्यंत तो 8.28 च्या आसपास खिळवून ठेवला होता. म्हणजे 1995 ते 2005 या काळात एका देशाचं चलन जवळपास स्थिर आणि दुसऱ्याचं घसरतं. चालू डॉलरमधली तुलना म्हणजे धावत्या स्लो लोकलमधून शेजारच्या फास्टकडे पाहणं. कोण किती वेगात आहे ते खिडकीतून ठरवता येत नाही.

वाढीचा प्रश्न असेल तर केएन घ्या, म्हणजे प्रत्येक देशाचा स्वतःच्या चलनातला, स्थिर किमतीतला खर्च. दोन्ही मालिकांचं एक समान वर्ष 100 धरा, समजा 2000, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा आकडा 2000 च्या आकड्यानं भागून 100 नं गुणा. विनिमय दराचा संबंधच उरत नाही. केडी घेतली तरी वाढीचे दर तेच येतात, कारण केडी म्हणजे केएनलाच 2015 च्या किमतींवर आणून त्या वर्षाच्या एका दरानं भागलेलं असतं. मात्र केडीच्या पातळीवरून 'चिनी कुटुंबांचा खर्च भारतीयांच्या इतके पट' असं विधान करू नये. त्या पटीत 2015 चा दर, डॉलरला सुमारे 64 रुपये आणि सुमारे 6.2 युआन, कायमचा कोरलेला आहे. आधारवर्ष दुसरं असतं तर पट दुसरी निघाली असती.

पातळीचा प्रश्न असेल, म्हणजे सरासरी माणसाच्या वाट्याला खरोखर किती वस्तू आणि सेवा येतात, तर क्रयशक्तीची मालिका. फरक किती पडतो ते आपल्या मंत्रालयानं दिलेल्या आकड्यांतून दिसतं. 2017 मध्ये बाजारात डॉलरला 65.12 रुपये पडत होते, पण जीडीपी पातळीवरची क्रयशक्ती समता होती 20.65 रुपये. त्या वर्षीचे 100 रुपये बाजारदरानं 1.54 डॉलर होतात, क्रयशक्तीनं 4.84 आंतरराष्ट्रीय डॉलर. 2011 मध्ये हेच आकडे 46.67 आणि 15.55 होते. हे दर संपूर्ण जीडीपीसाठीचे आहेत, हे ध्यानात ठेवा. खासगी उपभोगाचा क्रयशक्ती गुणक डेटाबँकेत वेगळा दिलेला आहे. हिशोब हातानं करायचा असेल तर तो घ्यावा, कारण जीडीपीच्या गुणकात पूल, यंत्रं आणि सरकारी पगारही असतात.

क्रयशक्तीच्या आकड्यांवर किती विसंबायचं? वाढ मोजताना जेवढा भरवसा ठेवता येतो, त्यापेक्षा बराच कमी. देशोदेशीच्या किमती गोळा करून क्रयशक्तीचे गुणक काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या 2005 च्या फेरीत चीन पहिल्यांदाच सामील झाला. किमती 11 शहरं आणि त्यांच्या आसपासच्या भागांतून गोळा झाल्या. डिसेंबर 2007 मध्ये निकाल आले तेव्हा क्रयशक्तीनुसार चीनची अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी लहान ठरली. भारताचा आकडाही मोठ्या प्रमाणात खाली आला. पुढच्या 2011 च्या फेरीनं चित्र उलट दिशेला हलवलं. सध्याची मालिका 2021 च्या फेरीवर बेतलेली आहे, तिचे निकाल मे 2024 मध्ये आले. म्हणून जुन्या लेखातला क्रयशक्तीचा आकडा आणि आज उतरवलेला आकडा एका तक्त्यात कधीही लावू नयेत.

तपासणीची एक साधी युक्ती आहे. भारत भागिले चीन हे गुणोत्तर केडीमधून काढा आणि स्थिर किमतीतल्या क्रयशक्तीच्या मालिकेतूनही काढा. दोन्ही रेषांची उंची वेगळी असेल, पण चढउतार एकसारखे यायला हवेत, कारण आतला वाढीचा दर एकच आहे. आले नाहीत तर कुठेतरी चालू किमतीची मालिका शिरली आहे किंवा दोन फायली वेगवेगळ्या काळात उतरवलेल्या आहेत.

प्रत्यक्ष उतरवण्याची रीत आता. डेटाबँकेत वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स हा संच निवडा, मग देश, मग मालिका, मग वर्षं. वर्षं निवडायला विसरलं तर मोजकीच हाती लागतात. लेआउटमध्ये वर्षं आडवी येतात. आलेख काढायचा असेल तर ती उभी करून घ्यावी, नंतर एक्सेलमध्ये उलटापालट करायचा त्रास वाचतो. बदल लागू करायचं बटण दाबल्याशिवाय तक्ता बदलत नाही, आणि ते बटण न दाबता डाउनलोड केलं की जुनाच तक्ता उतरतो.

उतरवलेल्या फायलीत जिथे आकडा नाही तिथे दोन टिंबं असतात. एक्सेल त्यांना मजकूर समजतं. बेरजेचं किंवा सरासरीचं सूत्र त्या खणांना गुपचूप वगळतं, तर थेट अधिक-उणे केलं की चूक दाखवतं. गुपचूप वगळणं जास्त घातक. ती टिंबं शोधून तिथे शून्य घालणं त्याहून वाईट, आलेख थेट जमिनीवर आपटतो. खण रिकामा करावा. डाउनलोडच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकाम्या जागी काय छापायचं ते आधीच ठरवता येतं, बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. तक्त्याच्या तळाशी संचाचं नाव आणि अद्ययावत केल्याची तारीख अशा दोन ओळी असतात. सूत्रं ओढताना त्या आत येऊ देऊ नका, पण पुसूनही टाकू नका.

डेटाबँकेऐवजी निर्देशकाच्या साध्या पानावरून सीएसव्ही घेतली तर झिप फाइल येते, आत तीन फायली असतात. आकड्यांच्या फायलीत वरच्या 4 ओळी प्रस्तावनेच्या आणि पाचवी ओळ शीर्षकाची. पायथनमध्ये वाचताना त्या 4 वगळाव्या लागतात. उरलेल्या दोन फायलींत देशांच्या आणि निर्देशकाच्या टिपा असतात. आर्थिक वर्ष कुठलं, आधारवर्ष कुठलं, हे जाणून घ्यायचं तर या टिपाच वाचाव्या लागतात. आलेखाच्या पानावर यातलं काहीही ठळक दिसत नाही. या सेवेतला हा सर्वांत मोठा दोष.

कारण आर्थिक वर्षाचा घोळ खरा आहे. जागतिक बँकेचा नियम असा: आर्थिक वर्ष 30 जूनच्या आधी संपत असेल तर आकडा पहिल्या वर्षाच्या नावावर, 30 जूनला किंवा नंतर संपत असेल तर दुसऱ्या वर्षाच्या नावावर. त्यामुळे भारताचं 2011-12 तिथे 2011 म्हणून दिसतं. पाकिस्तान आणि बांगलादेशाचं वर्ष जुलै ते जून, म्हणून त्यांचं 2011-12 तिथे 2012 होतं. चीन कॅलेंडर वर्षच मोजतो. 2020 च्या ओळीत त्यामुळे चीनचा जानेवारी-मार्चचा बंदिस्त काळ आणि भारताचा एप्रिल-जूनचा टाळेबंदीचा काळ दोन्ही येतात, पण भारताच्या '2020' मध्ये जानेवारी ते मार्च 2021 ही सावरलेली तिमाहीही असते. करोनाच्या वर्षांची तुलना करताना ही तळटीप टाळता येत नाही. भारत-बांगलादेश तुलनेत तर एकाच काळाचे दोन आकडे एका ओळीत येतच नाहीत. एक स्तंभ एका वर्षानं सरकवावा लागतो, तरीही 3 महिन्यांचा फरक राहतोच.

दरडोई आकड्यांतही मेख आहे. जागतिक बँक लोकसंख्येसाठी मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांवर चालते, आपलं मंत्रालय राष्ट्रीय लेख्यांसाठी, म्हणजे जीडीपी आणि पीएफसीईच्या अधिकृत हिशोबासाठी, स्वतःचा अंदाज वापरतं. 2011 नंतर भारतात जनगणनेचे निकालच नाहीत, त्यामुळे दोघेही पुढे नेलेल्या अंदाजानंच भागतात, आणि भागाकार थोडा वेगळा येतो.

टक्केवारीची मालिका, झेडएस, सर्वांत निर्धोक. विनिमय दर नाही, क्रयशक्ती नाही, भाववाढही अंशात आणि छेदात दोन्हीकडे असते. आणि या जोडीची खरी गोष्ट तिथेच दिसते. भारतात कुटुंबांचा उपभोग जीडीपीच्या 60 टक्क्यांच्या आसपास. चीनमध्ये 40 टक्क्यांच्याही खाली. शतकाच्या सुरुवातीला चीनचा वाटा 45 टक्क्यांच्या वर होता, 2010 च्या सुमाराला तो 35 टक्क्यांजवळ येऊन टेकला आणि मग सावकाश थोडा वर चढला. 'चिनी माणूस खर्चच करत नाही' असा निष्कर्ष यावरून काढणारे लेख दर महिन्याला येतात. वाटा कमी असला तरी याच काळात चीनमधल्या कुटुंबांचा प्रत्यक्ष खर्च जोरात वाढत होता. गुंतवणूक आणि निर्यात त्याहून जोरात वाढल्या, एवढंच. वाटा आणि वाढ हे दोन आलेख शेजारी शेजारी दिल्याशिवाय हा विषय मांडूच नये.

वाट्यातली सगळी तफावत वागणुकीतली आहे असंही नाही. थोडी मोजणीतली आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर जे पडलं असतं ते, राष्ट्रीय लेख्यांत उपभोग म्हणून धरतात. चीनमध्ये ते बराच काळ घराच्या बांधकाम खर्चावरून आणि घसाऱ्यावरून काढलं जात आलं. जिथे जमिनीच्या किमतीमुळे बाजारभाडं बांधकाम खर्चाच्या कितीतरी वर असतं, तिथे ही रीत भाडं कमी दाखवते आणि उपभोगाचा वाटाही. मुंबईकराला हे समजवायला नको: दादरच्या फ्लॅटचं भाडं विटा-सिमेंटच्या हिशोबानं कोण मान्य करील? अर्थात आपल्याकडेही पागडीची भाडी आहेतच, तेव्हा फार हसू नये.

दुसरी गोष्ट सरकारची. सरकारी दवाखाना, सरकारी शाळा यांवरचा खर्च कुटुंबांच्या खात्यात येत नाही, सरकारी उपभोगात येतो. चीनमध्ये सरकारी उपभोग जीडीपीच्या 16-17 टक्क्यांच्या घरात असतो, भारतात 10-11 टक्क्यांच्या. व्यक्तींना मिळालेल्या सरकारी सेवा कुटुंबांच्या खर्चात मिळवून काढलेल्या आकड्याला प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग म्हणतात आणि राहणीमानाच्या तुलनेसाठी तोच योग्य. दोन देशांमधली दरी त्यात थोडी आकसते, मिटत नाही. हा आकडा तुलना कार्यक्रमाच्या फेऱ्यांत मिळतो. आपण इथे पाहिलेल्या मालिकांमध्ये तो नाही.

भारताच्या बाजूचा आकडाही कसा बनतो ते माहीत हवं. पीएफसीई घराघरांत विचारून काढत नाहीत. देशातलं उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा कारखान्यांनी कच्चा माल म्हणून वापरलेलं, वजा साठ्यातली वाढ, गुंतवणूक आणि सरकारनं घेतलेलं. जे उरलं ते कुटुंबांनी वापरलं, अशी वस्तुप्रवाहाची रीत आहे. घरोघरी विचारणारं सर्वेक्षण वेगळं. 2022-23 च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 रुपये आणि शहरी भागात 6,459 रुपये निघाला. वर्षाचा हिशोब केला तर राष्ट्रीय लेख्यांतला दरडोई आकडा याच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणून एका देशाचा आकडा सर्वेक्षणातून आणि दुसऱ्याचा राष्ट्रीय लेख्यांतून घेतला की तुलना तिथेच संपली. बातम्यांत हे सर्रास घडतं.

पर्यायांकडे वळू. भारताचा तपशील हवा असेल तर रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस ऑन इंडियन इकॉनॉमी आणि दरवर्षीचं हँडबुक जागतिक बँकेपेक्षा सरस. मालिका 1950-51 पर्यंत मागे जाते, आर्थिक वर्ष सरळ लिहिलेलं असतं. आकडे कोटींत येतात, तेव्हा डॉलरच्या तक्त्याला जोडताना 100 कोटी म्हणजे 1 अब्ज आणि 1 लाख कोटी म्हणजे 1 ट्रिलियन हे कागदावर लिहूनच ठेवावं. चीनसाठी अर्थातच याचा काही उपयोग नाही.

कुटुंबं कशावर खर्च करतात, धान्य किती, प्रवास किती, शिक्षण किती, हे मंत्रालयाच्या राष्ट्रीय लेखा सांख्यिकीत मिळतं. जून 2024 मध्ये सुरू झालेल्या ई-सांख्यिकी पोर्टलवरही मंत्रालयाचे आकडे एका जागी पाहता येतात. वस्तुनिहाय तक्त्याची बेरीज पीएफसीईशी जुळत नाही म्हणून गोंधळू नका. तो तक्ता देशांतर्गत बाजारातल्या खर्चाचा असतो. भारतीयांनी परदेशात केलेली खरेदी मिळवून आणि परदेशी पाहुण्यांनी इथे केलेली वजा करून पीएफसीई मिळतो.

मुंबईतल्याच ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशनची इंडिया टाइम सिरीज ही वर्गणीची सेवा आहे. जुन्या आधारवर्षांच्या मालिका नीट लावून ठेवल्या आहेत हा तिचा मोठा गुण. विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या ग्रंथालयात वर्गणी आहे का ते आधी विचारावं; एका आलेखासाठी स्वतःच्या खिशातून भरू नये.

ग्रोनिंगन विद्यापीठाची पेन वर्ल्ड टेबल लांब पल्ल्याच्या तुलनेसाठी. भारत 1950 पासून, चीन 1952 पासून, एक्सेलमध्ये एकच मोठी फाइल. दोन इशारे मात्र द्यावे लागतात. तिच्यातला 'सीकॉन' हा स्तंभ कुटुंबं आणि सरकार मिळून आहे. फक्त कुटुंबांचा वाटा वेगळ्या स्तंभात दिलाय. आणि चीनच्या अधिकृत वाढीचे दर ती जसेच्या तसे घेत नाही, त्यात दुरुस्ती केलेली असते, म्हणून डेटाबँकेशी ते जुळणार नाहीत. नुसता झटपट आलेख हवा असेल तर अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या सेंट लुइस शाखेचं फ्रेड हे संकेतस्थळ उत्तम: दोन देशांच्या रेषा एका चौकटीत, थोड्या क्लिकमध्ये 100 चा निर्देशांक आणि लॉग मोजपट्टी. आकडे मात्र बाहेरच्या संस्थांकडूनच घेतलेले, त्यामुळे वरचे बरेचसे खळगे तिथेही तसेच.

एकूण, टक्केवारी आणि वाढ यांसाठी डेटाबँकेला 5 पैकी 4 तारे, पातळीच्या तुलनेसाठी 3, आणि टिपा नजरेआड ठेवल्याबद्दल अर्धा तारा कमी.

कुठलाही तक्ता जपून ठेवताना उतरवल्याची तारीख फायलीच्या नावातच घाला. चीननं पहिल्या आर्थिक गणनेनंतर, डिसेंबर 2005 मध्ये, 2004 चा जीडीपी 16.8 टक्क्यांनी वाढवला होता. बरीचशी भर सेवाक्षेत्रातली. छेद वाढला की उपभोगाचा वाटा मागच्या वर्षांतही हलतो. भारतानं जानेवारी 2015 मध्ये आधारवर्ष 2004-05 वरून 2011-12 वर नेलं तेव्हा 2013-14 ची वाढ 4.7 टक्क्यांवरून 6.9 टक्के झाली. त्यापुढचं आधारवर्ष 2022-23 ठरवण्यात आलं. आधार बदलला की जुन्या फायलीच्या तळाशी नवं वर्ष चिकटवायचं नाही, दोन्ही देशांची संपूर्ण मालिका पुन्हा उतरवायची. जुना आलेख पडताळायचा असेल तर डेटाबँकेतच डब्ल्यूडीआय अर्काइव्ह्ज नावाचा संच आहे, त्यात मागच्या आवृत्त्या तारखेनुसार ठेवलेल्या आहेत.